मामाचा फणस आणि माझी सॉ मिल

मे महिन्याच्या तिसऱ्या शनिवारी पहाटे साडेपाचला मी पिरनवाडीच्या फाट्यावर भाड्याच्या पिकअपमध्ये ड्रायव्हरशेजारी बसलो होतो. मागे ताडपत्रीखाली लोखंडाची एक चौकट, मारुती 800 ची दोन चाके, पाणी उपसायच्या पंपाचे इंजिन आणि 14 फुटी करवतीचे पाते गुंडाळून ठेवलेले. मांडीवर मामीसाठी कुंद्याचा डबा. ड्रायव्हरने पहिल्यांदा विचारले, "साहेब, गिरणी काय पिठाची?" म्हटले, "गिरणीच, पण लाकडाची." तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "घरात बनवलीसा?"

होय, घरात. म्हणजे अर्धी आमच्या टिळकवाडीच्या घराच्या पोर्चमध्ये आणि अर्धी उद्यमबागेत माझ्या वर्गमित्राच्या फॅब्रिकेशन शेडमध्ये. मी बीई झालो ते बेळगावातच. नोकरी बेंगळुरूच्या कंपनीची, काम घरून. दिवसभर स्क्रीनवर जे बनवतो ते हातात धरता येत नाही, ही तक्रार माझ्या वयाच्या बऱ्याच जणांची असते. तशी ती माझीही होती, पण खरे कारण फणस होता.

माझे आजोळ सत्तरीत, चोर्ला घाट उतरल्यावर. घराच्या मागे उतारावर कुळागर आहे. पोफळी, माड, मिरीचे वेल, दोन जायफळे आणि पाटाच्या कडेला मामाच्या आजोबांनी लावलेला कापा फणस. एप्रिलच्या शेवटी वळवाचा पाऊस वाऱ्यासकट आला आणि रात्रीत तो फणस मुळासकट आडवा झाला. पडताना त्याने सात पोफळी घेतल्या, पण घर वाचले. सकाळी मामाने फोटो पाठवला. फोटोखाली काही लिहिले नव्हते. मामा एरवी गुड मॉर्निंगच्या खालीही चार ओळी लिहितो.

रीतसर अर्ज करून पडलेले झाड तोडायची परवानगी त्याने मिळवली, फांद्या छाटल्या, आणि उरला दहा फुटांचा सरळ ओंडका. घेर 7 फूट. वखारीत लाकूड मोजायची जुनी रीत आहे. घेराचा चौथा भाग, त्याचा वर्ग, गुणिले लांबी. म्हणजे पावणेदोन गुणिले पावणेदोन गुणिले दहा, साधारण साडेतीस घनफूट. एक व्यापारी आला, बघून गेला आणि 6,000 रुपये म्हणाला, तेही तुकडे करून न्यायच्या अटीवर, कारण कुळागरात ट्रक उतरत नाही. घरापासून खाली फक्त पायवाट आहे आणि टनभराचा ओंडका पायवाटेने चढत नाही. मामा म्हणाला, "तुकडे करून सरपणच व्हायचे असेल तर इथेच कुजू दे."

आणि तो कुजणारच होता. फणसाचा गाभा पिवळाधमक आणि टिकाऊ, त्याला वाळवी सहसा लागत नाही. बौद्ध भिक्षूंच्या चीवरांना रंग देण्यासाठी काही देशांत हाच गाभा उकळतात. पण सालीलगतचे पांढरट लाकूड लगेच किडते. जूनचा पाऊस सुरू झाला की ओला ओंडका चार महिने चिखलात राहणार. मामाच्या धाकट्या मुलीचे लग्न पुढच्या वर्षी ठरलेले आहे आणि तिने एकच गोष्ट मागितली होती. सासरी नेण्यासाठी देवघर हवे, त्याच फणसाचे. त्या झाडाखाली तिचा झोपाळा होता. माझाही होता, पण मला कुणी विचारले नाही.

तेव्हा मी घोषणा केली: ओंडका गिरणीकडे जात नसेल तर गिरणी ओंडक्याकडे जाईल. फॅमिली ग्रुपवर अंगठ्यांचा पाऊस पडला.

आता यंत्राविषयी थोडे, कारण ते बनवताना मला जेवढे शिकायला मिळाले तेवढे चार वर्षांच्या डिग्रीत मिळाले नव्हते. पोर्टेबल सॉ मिलची कल्पना सोपी आहे. ओंडका जमिनीवर रुळांच्या मध्ये स्थिर राहतो आणि करवत त्याच्यावरून सरकत जाते. करवत म्हणजे पट्ट्यासारखे बंद वर्तुळाचे पाते, दोन चाकांवर ताणून फिरणारे. साखळीच्या करवतीनेही फळ्या निघतात, पण साखळी प्रत्येक कापात 7-8 मिलिमीटर लाकडाचा भुसा करते आणि पट्टा जेमतेम 2. हा फरक वाटतो तेवढा छोटा नाही. 16 इंची ओंडक्यातून इंचाच्या फळ्या काढल्या तर पट्ट्याने 14 निघतात, साखळीने 12. दोन फळ्या नुसत्या भुशात जातात.

चाकांसाठी मी भंगारात गेलो. विकत मिळणारी ओतीव चाके महाग, शिवाय त्यांना मधोमध किंचित फुगीरपणा लागतो, नाहीतर पाते घसरून बाहेर येते. मोटारीच्या टायरला तो फुगीरपणा आयताच असतो, तोही रबराचा. मारुती 800 चा टायर बाहेरून बाहेर सुमारे 508 मिलिमीटर, म्हणजे घेर 1.6 मीटर. लाकूड स्वच्छ कापायला पाते सेकंदाला साधारण 25 मीटर धावले पाहिजे. त्यासाठी चाक मिनिटाला 940 फेरे फिरायला हवे. इंजिन 3,000 फेऱ्यांवर चालवायचे, म्हणून इंजिनावर 3 इंचाची पुली आणि चाकाच्या शाफ्टवर साडेनऊ इंचाची. हा हिशोब मी एक्सेलमध्ये रंगीत खाने करून मांडला. शेडमधल्या मिस्त्रींनी तो बघितला आणि पाकिटाच्या मागच्या बाजूला तीन ओळींत तोच आकडा काढून दाखवला.

ओंडक्याच्या दोन्ही बाजूंना अँगलचे रूळ, उलटे ठेवलेले, म्हणजे धार वर. त्यावर सरकत्या गेटला लावतात ती खाचेची चाके. रूळ बारा फुटी, पण सहा-सहा फुटांचे दोन भाग बोल्टने जोडलेले, नाहीतर पिकअपमध्ये मावले नसते. करवत वर-खाली करायला दोन्ही बाजूंना आट्याचे रॉड, आणि दोन्ही एकसारखे फिरावेत म्हणून सायकलच्या दोन चक्रांवर एक चेन. रॉडचा आटा अडीच मिलिमीटरचा, म्हणजे दहा फेरे फिरवले की जवळजवळ इंचभर खाली. ही एकच गोष्ट माझ्या डोक्यातली होती आणि पहिल्याच दिवशी बरोबर चालली. बाकी सगळे दोनदा करावे लागले.

सगळ्यात छळले दोन चाकांच्या ओळीने. दोन्ही चाके एकाच पातळीत नसतील, केसभर तिरकी असतील, तर पाते पुढे सरकते किंवा मागे, आणि थेट गार्डला घासते. एक बोल्ट सैल करून एकीकडचे सुधारले की दुसरीकडचे बिघडते. हा अनुभव आमच्या धंद्यात रोजचा असल्याने मी शांत होतो. मित्र नव्हता. तिसऱ्या शनिवारी त्याने मला सांगितले, "तू कॉम्प्युटरचेच कर की." मग मिस्त्रींनी दोऱ्याचे एक टोक एका टायरला, दुसरे दुसऱ्याला लावून चार ठिकाणी अंतर बघितले आणि वीस मिनिटांत ओळ बसली.

खर्च विचाराल तर इंजिन जुने 5,500, लोखंड 7,200, चाके आणि हब 1,600, दोन पाती 2,800, बेअरिंग-पुली-पट्टा 2,300, रॉड आणि चेन 1,100. एकूण 20,500. यात माझ्या चुकांचे 3,000 धरलेले नाहीत. वेल्डिंगचे मित्राने घेतले नाहीत, पण चार शनिवारची मिसळ माझ्याकडे होती.

चाचणीसाठी पाडलेल्या घराची जुनी तुळई घेतली. इंजिन सुरू झाले, पाते लाकडात शिरले, पिवळसर भुसा उडाला आणि तुळईवरून फळी उलगडल्यासारखी सुटू लागली. आम्ही सगळे ओरडलो. दोन फूट कापून झाले असतील. तुळईत शंभर वर्षांपूर्वीचा एक खिळा होता. टाळी वाजल्यासारखा आवाज झाला आणि पाते तुटले. चाकांवर पत्र्याचे झाकण होते म्हणून तुकडा आतच आपटला. ते झाकण मी "नंतर लावू" म्हणत होतो. मिस्त्रींनी ते आधी लावल्याशिवाय इंजिनाला दोरी घालू दिली नव्हती. त्या रात्री बायकोला मी फक्त पाते तुटल्याचे सांगितले. झाकणाचे ती इथेच वाचेल.

तर असा तो ऐवज घेऊन आम्ही किणये, जांबोटी करत निघालो. हा रस्ता मला लहानपणापासून पाठ आहे. जांबोटीनंतर शेते संपतात आणि दोन्ही बाजूंनी झाडी जवळ येते. खिडकीची काच खाली केली की हवा बदलल्याचे कळते. कणकुंबीला चहा. इथे माउलीच्या देवळाजवळ मलप्रभेचा उगम आहे. याच खानापूर तालुक्यात उगम पावून मलप्रभा पूर्वेला कृष्णेकडे जाते आणि म्हादई पश्चिमेला गोव्यात उतरते. आमचे घर बेळगावात आणि आजोळ सत्तरीत, तेव्हा लहानपणी मला वाटे की या नद्याही आमच्यासारख्याच आई-बाबांकडे वाटल्या गेल्या आहेत. पुढे चोर्ल्याला कर्नाटक, गोवा आणि महाराष्ट्र यांच्या हद्दी अगदी जवळ येतात. मोबाइलवर स्वागताचे मेसेज येत राहतात आणि दुकानदाराची भाषा वाक्याच्या मधेच बदलते. घाट उतरताना डावी-उजवीकडे नुसते रान. म्हादई अभयारण्य 1999 साली घोषित झाले, ते याच भागात. आई सांगते, तिच्या लहानपणी या बाजूने संध्याकाळनंतर कुणी जात नसे.

केरीच्या नाक्यावर पोलिसाने ताडपत्री उचलली.

"हें कितें?"

मी उत्साहाने समजावू लागलो. टायर, पट्टा, रूळ. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला, "वनखात्याक विचारलां?"

झाडाची परवानगी आहे, म्हटले. "झाडाची न्हय. मशीनची." मग त्याने हात हलवून आम्हाला जाऊ दिले. यंत्राचे सुटे भाग नेण्यात गुन्हा नव्हता. अंजुणे धरणाचे पाणी डावीकडे चमकत होते, पण मला ते दिसले नाही.

मामाने रात्री जेवताना तेच विचारले. "लायसन आसा मरे तुजेकडेन?" म्हटले, मामा, आपले झाड, आपली जागा, घरचे काम. मामा म्हणाला, "सोमवारी विचारून येऊया." मामा शाळेत मास्तर होता, विचारून येण्यावर त्याचा विश्वास आहे.

सोमवारी आम्ही कचेरीत गेलो. मी मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. साहेबांनी तो दोनदा पाहिला, टायरचे कौतुक केले आणि म्हणाले की गोल ओंडका यंत्राने चिरणारी वस्तू ही सॉ मिलच, मग ती वखारीत असो की कुळागरात. यंत्र लावण्याआधी अर्ज करा, तो वर जाईल, वेळ लागेल. परवानगी मिळालेले झाड घरच्या वापरासाठी हाताने चिरणार असाल तर या बाबतीत माझी हरकत नाही.

मला राग आला होता, खोटे कशाला सांगू. परत येताना मी मामाला लायसन्स राजवर भाषण दिले. रात्री झोप येईना म्हणून वाचत बसलो. निलंबूरच्या गोदावर्मन तिरुमलपाद यांनी 1995 साली निलगिरीतल्या गुडलूर भागातल्या जंगलतोडीविरुद्ध याचिका केली होती. त्यावर 12 डिसेंबर 1996 रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला. जंगलात केंद्राच्या मंजुरीशिवाय चाललेली सगळी कामे थांबवा, त्यात सॉ मिलही आल्या. पुढे परवान्यांचे नियम घट्ट होत गेले, 2016 साली लाकूड-उद्योगांसाठी केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे आली. मी शनिवारी सकाळी जे केले होते ते आता डोळ्यांपुढे आले. ताडपत्रीखाली गिरणी, पिकअपमध्ये मावेल अशी, दोन तासांत जोडून दोन तासांत उचलता येईल अशी, आणि ती घेऊन मी अभयारण्याच्या कडेने आलो होतो. पोर्टेबल या ज्या एका शब्दाचा मला अभिमान होता, त्याच शब्दाची चोराला सर्वांत जास्त गरज असते. मिल ठरावीक जागी असली तर आत काय आले आणि बाहेर काय गेले हे तपासता येते. माझी तपासता आली नसती. तरी त्या रात्री मी मान्य केले नाही. फक्त मोबाइल बंद केला.

मंगळवारी मामा शेजारच्या वाड्यावरून एका आजोबांना घेऊन आला. वय 74. तरुणपणी ते आणि त्यांचा भाऊ या भागातल्या घरांच्या तुळया-फळ्या चिरत असत. भाऊ आता नाही, पुतण्या सोबत आला. करवत माळ्यावर होती, तेल लावून फडक्यात बांधलेली, पुरुषभर उंचीची. त्यांनी ओंडक्याभोवती एक फेरी मारली, मोठा चष्मा लावला आणि कानस घेऊन दात लावत बसले. तो पूर्ण दिवस फक्त दात लावण्यात गेला. मला वाटले, वेळ चालला. पाऊस पंधरा दिवसांवर होता आणि मी फक्त आठवड्याची रजा टाकली होती.

कुळागर पायऱ्यापायऱ्यांनी उतरते. आठ माणसे, पहारी आणि दोर लावून आम्ही ओंडका वरच्या टप्प्याच्या कडेला आणला, असा की अर्धा बाहेर लोंबेल. म्हणजे एक माणूस ओंडक्यावर उभा राहू शकतो आणि एक खालच्या टप्प्यावर. खड्डा खणायला नको, घोडा बांधायला नको. माझ्या रुळांची जागा मी तिथेच, पंधरा फुटांवर, सपाट करून ठेवली होती.

सूत काळ्या रंगात बुडवून त्यांनी ओंडक्यावर ताणले आणि चिमटीत धरून सोडले. एक सरळ रेघ उमटली. अशा चौदा. मग पुतण्या वर, आजोबा खाली. दुसऱ्या दिवशी पुतण्याचा खांदा भरला आणि खाली मी उभा राहिलो, आजोबा वर गेले. माझी पहिली चूक म्हणजे मी करवत वर ढकलत होतो. "धुकलूं नाका. फकत ओड." खालच्याने खाली ओढायचे, वरच्याने वर ओढायचे, ढकलायचे कुणीच नाही. ढकलले की पाते वाकते आणि रेघ सुटते. हे कळायला मला अर्धा दिवस लागला. भुसा डोळ्यांत, कानांत, बनियनच्या आत, आणि फणसाचा चीक दातांना धरला की करवत अडते. मग आजोबा पात्याला खोबरेल लावायचे. मी माझ्या यंत्राला यासाठी पाण्याची टाकी आणि नळी बसवली होती.

दिवसाला तीन काप. एक दुपार वळवाने घेतली. जेवायच्या सुटीत मामी पानावर सोलकढी-भात वाढायची आणि आजोबा सांगायचे की कुठल्या घराची तुळई कुठल्या झाडाची. आमच्या घराचा उंबरठाही त्यांनीच चिरलेला, 1975 च्या सुमारास, ही गोष्ट मामालाही नवीन होती. तो उठून उंबरठा बघायला गेला. मी विचारले, आता ही करवत कोण चालवणार? पुतण्या पणजीला हॉटेलात कामाला आहे, सुटी काढून आला होता. आजोबांनी माझ्याकडे बघून म्हटले, "तुझी मशीन चालवील." ते चिडवत नव्हते. एका संध्याकाळी त्यांनी ताडपत्री काढून ते सगळे नीट बघितले होते, आट्याचा रॉड दहा फेरे फिरवून खाली किती उतरते ते बोटाने मोजले होते, आणि "बरें केलां" म्हणाले होते. परवान्याशिवाय चालवू नको, हेही म्हणाले.

रविवारी संध्याकाळी शेवटचा काप झाला. सव्वा इंची 11 फळ्या आणि चौकटीसाठी 3 इंची दोन. मी व्हर्नियर आणला होता. एका फळीची जाडी दोन्ही टोकांना आणि मध्ये मोजली. दहा फुटांत फरक दोन मिलिमीटर. तुळईवर माझ्या यंत्राने दोन फुटांत, खिळ्याच्या आधी, तीन केला होता. आजोबांना आकडा सांगितला तर ते म्हणाले की पूर्वी एवढाही नसायचा, आता नजर कमी झाली.

ओली फळी लगेच वापरता येत नाही. इंचभर जाडीला साधारण वर्षभर सावलीत वाळवावी लागते. टोकांना जुना ऑइल पेंट लावला, कारण टोकांकडून पाणी लवकर जाते आणि तडे पडतात. थरांच्या मध्ये हवा खेळावी म्हणून पडलेल्या पोफळींच्या रिपा काढल्या. सगळ्यात खाली एकदम सरळ आणि सपाट काहीतरी लागते, नाहीतर फळ्या वळतात. मामाने इकडेतिकडे बघितले आणि माझ्या रुळांकडे बोट दाखवले. बारा फुटी, पाणसळीला लावलेले. पडवीत ते अंथरले, त्यावर फणस रचला.

तेव्हा सध्या माझी सॉ मिल दोन राज्यांत आहे. रूळ सत्तरीत, फळ्यांखाली. इंजिन, चाके आणि झाकण बेळगावात पोर्चमध्ये, ताडपत्रीखाली. बेळगावच्या कचेरीतही मी विचारून आलो, फॉर्म घेतला आहे आणि त्यातल्या जागेच्या नकाशापाशी अडकलो आहे, कारण जिची जागा ठरलेली नाही अशा गिरणीचा नकाशा कसा काढायचा ते मला सुचलेले नाही. तुमच्यापैकी कुणी असले काही बनवायचा विचार करत असेल तर लोखंड घेण्याआधी आधी तिथे जाऊन या, माझे चार शनिवार वाचले असते. झाकण मात्र पहिल्या दिवशी लावा.

चार जून रोजी पाऊस आला. मामाने पडवीचा फोटो पाठवला, खाली सहा ओळी होत्या. त्यातली शेवटची अशी होती की रूळ पुढच्या मेपर्यंत मागू नकोस.